उपाशी कांद्याचं पान

त्या फुलाची आणि माझी पहिली गाठ मतदान केंद्रामागे पडली.

कॉलेजात शिकवणाऱ्यांना निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. त्या एप्रिलमध्ये माझं नाव झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावी लागलं. यवतमाळात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. दोन्ही गुडघे कुरकुरत होते, निवृत्तीला एक वर्ष आणि वर एक महिना उरला होता, आणि ही बया भर उन्हात मतदानाचं सामान घेऊन निघाली! निघताना मी इतकी चिडचिड केली की घरच्यांनी डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं.

मतदानाच्या आदल्या दुपारी आम्ही तिथल्या शाळेत पोचलो. टेबलं मांडली, कागद चिकटवले. पंखा बंद होता तो बंदच राहिला. चारच्या सुमाराला जीव गुदमरला म्हणून मी शाळेमागच्या बरडावर गेले. बरड म्हणजे आमच्याकडची मुरमाड, खडकाळ जमीन, जिच्यात पेरायचं कोणी मनातही आणत नाही. तासाभरापूर्वी हात धुवायला मी तिथंच गेले होते. तेव्हा मला वाळक्या काड्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. आता त्यातल्याच काही काड्यांवर फुलं उघडत होती.

मी जागच्या जागी थांबले. काडी वीतभर उंच, खडकाच्या भेगेतून सरळ वर आलेली. पान एकही नाही. फूल पांढरं, सहा पाकळ्यांचं, आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक लालसर रेघ. आमच्या भागात रानकांदा पुष्कळ. त्यालाही उन्हाळ्यात पानांशिवाय फुलं येतात, पण ती मान खाली घालून लोंबतात, मळकट रंगाची. ही फुलं आभाळाकडे तोंड करून उभी होती. नाक जवळ नेलं तर काकडीसारखा वास.

अगं बाई, हे काय आहे? मी मोठ्यानेच म्हणाले. मग सरळ पोटावर आडवी झाले. मोजपट्टी नव्हती, म्हणून मतदानाच्या साहित्यातली लोखंडी पट्टी आणून शेजारी धरली आणि मोबाइलवर फोटो काढत सुटले. आमच्या पथकाचे प्रमुख धावत आले.

"मॅडम, भोवळ आली काय?"

"भोवळ नाही आली. सावली पडते तुमची, बाजूला व्हा!"

ते बिचारे बाजूला झाले. सूर्य बुडायच्या बेताला एकेक फूल मिटलं आणि पुन्हा वाळक्या काड्याच उरल्या. दुसऱ्या दिवशी मतदान शांततेत पार पडलं असं सगळे म्हणतात. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी चार कधी वाजतात त्याची वाट बघत होते.

कंदांच्या अभ्यासात मुरलेले एक सर दूरच्या शहरात राहतात. आमची ओळख जुनी, पण बहुतेक पत्रांतून आणि फोनवरून. याआधी तीनदा मी "नवीन आहे का बघा" म्हणून त्यांना फोटो पाठवले होते आणि तिन्ही वेळा त्यांनी जुनंच नाव लिहून कळवलं होतं. चौथ्या वेळी त्यांनी काही लिहिलं नाही, फोनच केला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "कुठं सापडलं? आणखी किती आहेत? कुणाला सांगितलं तर नाही ना?"

खोटं कशाला सांगू, मला हे हवंच होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी नावं दिलेली झाडं मुलांकडून पाठ करून घेतली. आपल्याही हातून एखाद्या झाडाचं पहिलं वर्णन व्हावं, जगाच्या पाठीवर कुणीही ते झाड ओळखायला निघाला तर आपलं वाक्य वाचावं, ही हौस मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. ते निवृत्तीच्या आत व्हावं, नावाखाली कॉलेजचं नाव असावं, एवढंच.

सरांनी यादी दिली. फूल, फळ, बी, कंद आणि पान. यातलं एक जरी नसलं तरी वर्णन लंगडं. शिवाय एक झाड उपटून, दाबून, वाळवून कागदावर चिकटवायचं. तो मूळ नमुना. पुढे कधीही वाद झाला तर सगळ्यांनी त्या कागदापाशी यायचं.

दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा गेले. एसटीने पांढरकवड्यापर्यंत, पुढे काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीने. चारच्या आधी बरडावर पोचले आणि फूल उघडायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघत पडून राहिले. मागून आवाज आला.

"काय हरपलं वो बाई?"

डोक्यावर तेंदूपानाचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी उभी होती. म्हातारी तरी कशी म्हणू, माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठी असेल. गावातलीच, कोलाम आदिवासी. घरच्यांशी ती कोलामीत बोले, माझ्याशी आमच्या वऱ्हाडीत. मी पहिल्या दिवसापासून तिला माय म्हणत आले.

"काही हरपलं नाही, माय. हे फूल पाहून राह्यली."

"उपाशी कांद्याचं? त्याच्यात काय पाहाचं?"

मी उठून बसले. "उपाशी काहून म्हणता?"

"मंग काय म्हणाचं? ना पान, ना पाणी. पोटात काही नसतानी फुलते. तुमचा तो रानकांदा बी तसाच, पण तो आतून चांगला डोकशाएवढा असते, खाऊन-पिऊन निजलेला. हा पाहा, मूठभर."

सरांना मी फोटोंवरून दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यातलं निम्मं तिने उभ्या उभ्या सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, तर तिला हसू आलं.

सगळी मिळून झाडं चाळिसाच्या आतच होती, म्हणून एकच काढायचं ठरवलं. माझ्याजवळचं खुरपं दुसऱ्याच घावाला वाकलं.

"या चमच्यानं त वर्षभर खोदत बसान," माय म्हणाली आणि घरून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली. चार घावांत तिने भेग मोकळी केली आणि हात घालून कंद काढला. अंड्याएवढा, गुलाबी पापुद्र्यांचा, वर फुलाची काडी तशीच्या तशी. तो मी ब्लेडने उभा चिरला. कंद अख्खा दाबता येत नाही, आतले पापुद्रे दिसायला तो अर्धा करूनच कागदावर घ्यावा लागतो. ब्लेड घसरलं आणि दोन्ही अर्ध्यांवर बुडाजवळ एक तिरपी खाच पडली. मी स्वतःवरच वैतागले. काडी असलेला अर्धा भाग मी कागदात घातला.

"दुसरा मले द्या," माय म्हणाली.

"कायले? औषधाचा आहे काय?"

"नाही वो. हा कायच्याच कामाचा नाही. हातभर खाज सुटते."

"मंग कायले पाहिजे?"

"काढला ना आपण? मंग लावा नाही लागन?"

ती तिच्या घरची रीत. रानातून कोणताही कंद काढला की बुडाची चकती कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायची, माती लोटायची आणि टाचेनं दाबायची. "पण इथं आता ठेवला त उन्हानं शिजन. घरी न्हाणीपाशी लावतो."

मला तो अर्धा नमुने टिकवायच्या द्रावणाच्या बाटलीत बुडवून न्यायचा होता. मी खेकसलेच, "माय, हा नमुना आहे, तुमच्या परसातली भाजी नाही!" मग पिशवीत बघितलं तर बाटली घरीच राहिलेली. काय करता? दिला तिला. जाताना एवढंही बोलले, की अर्धा कापलेला कंद काही जगत नसतो. ही माझी पस्तीस वर्षांची विद्या!

मे महिन्याअखेर फळं आणि बिया मिळाल्या. उरलं पान. ते पावसाळ्यात येणार, तेव्हा फूल नसणार, मग कोणतं पान कुणाचं ते कसं कळणार? म्हणून मी फुलं असतानाच बारा झाडांशेजारी पिवळा रंग लावलेले दगड पक्के बसवून ठेवले होते. जुलैत गेले तेव्हा दगड जागच्या जागी होते आणि जवळपास प्रत्येक दगडाला लागून पानं आली होती. सपाट, पट्ट्यासारखी, दोन बोटं रुंद. रानकांद्याच्या पानासारखीच, पण जरा अरुंद. मला वाटलं, बरोबर आहे, भाऊबंदच तर आहेत.

त्या दिवशी माय घरी नव्हती, कुणाच्या तरी कपाशीत निंदायला गेली होती. चिखल होता, गुडघे दुखत होते. आणि मनात एक उदात्त विचारही होता, की इतकं दुर्मिळ झाड, कशाला आणखी एक उपटा? पानं वरच्या वर कातरीने कापली, कागदात ठेवली आणि घरी आले. पुढे शोधनिबंधात मी वाक्यही घातलं, की जात दुर्मिळ असल्याने पानांच्या वेळी कंद उपटला नाही. ते वाक्य मला फार आवडलं होतं. सरांनाही.

निबंधावर पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. दसऱ्याच्या आधी तो स्वीकारल्याचं कळलं. फुलाशेजारी ते पान मूळ नमुन्याच्या कागदावर चिकटवून झालं होतं. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्यांनी तर गेटवर लावायच्या फ्लेक्सचा मजकूर लिहायला घेतला. मला मेलीला अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्या आनंदात मी दसऱ्याच्या सुट्टीत निबंधातल्या चित्राची प्रत घेऊन मायकडे गेले. तिला दाखवावं, एवढंच मनात.

तिने हात पुसून कागद घेतला. दाराशी उजेडात नेला. बोट ठेवत ठेवत बघत गेली.

"फूल बरोबर. काडी बरोबर. हा आतला कांदा बी बरोबर." बोट थांबलं. "हे पान कोनाचं?"

"याचंच, माय."

तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. "काय वो बाई! हे त रानकांद्याचं पान. उपाशाले असं पान कुठून येते? चाला."

न्हाणीशेजारी, भांडी घासतात तिथं, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून तिने दगडांचं गोल कडं केलं होतं. त्यात तीन पानं होती. त्यांना पानं म्हणायलाही मन धजेना. स्वेटरच्या लोकरीएवढी बारीक आणि जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी गोल गोल वळलेली.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? तिच्यावरच डाफरले. "तुमी दुसरंच काही लावलं असन! त्याचा कंद सडला असन न् दुसरं काही उगवलं असन!"

ती खाली बसली, बोटांनी माती बाजूला केली आणि कंद उघडा केला. एका अंगाने गोल, दुसऱ्या अंगाने सपाट. कापलेली बाजू सुकून कागदासारखी झालेली, तिच्या कडेने दोन बारके कंद फुटलेले. आणि बुडाजवळ माझ्या ब्लेडची ती तिरपी खाच.

हा दुसरा कोणता कंद नव्हताच. याचाच अर्धा माझ्या कागदावर चिकटवलेला होता आणि त्याच्या शेजारी मी भलत्याचंच पान लावून ठेवलं होतं.

आम्ही बरडावर गेलो. तिथली पट्ट्यासारखी पानं पिवळी पडली होती. मायने पिवळ्या दगडाजवळ सब्बल घातली. एकाच भेगेत दोन कंद, माना एकमेकींना टेकलेल्या. मोठा रानकांद्याचा, पट्ट्याची पानं त्याची. आणि त्याच्या आडोशाला लहान गुलाबी, ज्याच्या मानेवर वळलेल्या दोऱ्यांसारखी वाळलेली पानं भुगा होऊन चिकटली होती. बरडावरचं पाणी हटलं की ती महिन्याभरातच वाळत असणार. न्हाणीपाशी रोज भांड्यांचं पाणी पडे, म्हणून तिथली हिरवी राहिली. दुसऱ्या दगडाजवळ तेच. तिसऱ्या दगडाजवळही तेच.

"पाहाचं होतं त खोदून पाहाचं, बाई," माय म्हणाली. "पाहून झालं का परत लावाचं, पाय द्याचा, झालं. वरून कापून नेलं त कोनाचं नेलं, हे कसं समजन?"

ती रागावून बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. पहिल्या वर्गातल्या मुलाला सांगावं तसं सांगत होती. दोन्ही कंद तिने पुन्हा भेगेत बसवले आणि टाचेनं माती दाबली.

यवतमाळात आल्यावर तीन दिवस मी कुणाशी बोलले नाही. आता सांगायला हरकत नाही, त्या तीन दिवसांत मी गप्प बसायचा पुरेपूर विचार केला. बरडावरची हिरवी पानं आता पुढच्या पावसाळ्यातच मिळणार; न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या तीन पानांवरून वर्णन लिहिता येत नाही. मी मे अखेर निवृत्त. म्हणजे आज निबंध मागे घेतला तर कॉलेजच्या नावाने तो कधीच येणार नाही, आणि गुडघ्यांची ही तऱ्हा बघता माझ्याही नावाने येईल की नाही देव जाणे. फूल तर खरंच नवीन आहे ना? कंद खरा आहे ना? एका पानाने काय होतंय? असं मी स्वतःला समजावे, आणि मग डोळ्यांसमोर ती टेलिफोनची वायर येई.

चौथ्या दिवशी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"बाई, तुमची निवृत्ती तोंडावर आली आहे. पान काय, पुढे दुरुस्तीची टीप छापू. लोक छापतात. आणि खरं सांगा, झरी जामणीला जाऊन ते पान तपासणार कोण आहे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तपासणारी तिथंच राहते, सर! रोज त्या पानासमोर बसून भांडी घासते!"

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "मूळ नमुन्याच्या कागदावर ते पान चिकटवलंय?"

"चिकटवलंय."

"मग मागे घ्या," ते म्हणाले. "मी आज पत्र लिहितो. चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं."

फोन ठेवल्यावर मी रडले. कॉलेजात जाऊन सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने, "मग पेढे परत करायचे काय, मॅडम?" म्हणून विचारलं. सगळे हसले, मीही हसले आणि घरी येऊन दोन दिवस त्याला मनातल्या मनात बोल लावले. प्राचार्यांनी फ्लेक्सचा कागद टेबलाच्या खणात सरकवला. मे महिन्यात शाल-श्रीफळ झालं. भाषणात कुणीतरी म्हणालं, "मॅडमनी नवीन जात शोधण्याचाही प्रयत्न केला." त्या "प्रयत्न" शब्दानंतर समोरच्या प्लेटमधली कचोरी तशीच राहिली.

पण एक गंमत झाली. आता मला घाई करायचं कारण उरलं नव्हतं. जून उलटल्यापासून मी दर पंधरा दिवसांनी झरी जामणीची वाट धरू लागले. ना रजेचा अर्ज, ना कुणाची सही. जुलैत रानकांद्याची पट्ट्यासारखी पानं आली आणि मी त्यांच्याकडे बघून हात जोडले. आमच्या उपाश्याचा पत्ता नव्हता. ऑगस्टच्या शेवटी, गवताच्या मुळाशी, पहिली हिरवी दोरी दिसली. ती जमिनीतून येते तेव्हा सरळ असते. वळायला दुसऱ्या दिवसापासून लागते आणि आठवड्यात तिचे चार-पाच वेढे होतात. कशासाठी वळत असेल? सकाळी गेलं की प्रत्येक वेढ्यात दवाचा थेंब अडकलेला दिसे. तो थेंब घरंगळून बरोबर मानेपाशी पडे. मी बसून थेंब मोजत असे. यासाठीच वळतं असं मी म्हणणार नाही, एकदा घाईने म्हणून बघितलं आहे! पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही, आणि तो घेऊन घरी येताना बस लवकर पोचते.

सप्टेंबरात एक झाड काढलं. मायने सब्बल चालवली, मी तिथंच बसून पान मोजलं, उलगडून मोजलं, वळलेलं मोजलं, कंदाचं बूड तपासलं, चित्र काढलं. मग कंद परत भेगेत ठेवला. माय बाजूला झाली. "द्या आता पाय," म्हणाली. मी टाच ठेवून दाबली आणि गुडघा असा वाजला की दोघी हसत सुटलो. मूळ नमुन्याच्या कागदावरचं भलतं पान मी उचकटून काढलं होतं. जागा रिकामी ठेवून खाली लिहिलं, "पान: याच कंदाच्या दुसऱ्या अर्ध्यास आलेले," आणि न्हाणीपाशी वाढलेल्या त्या कंदाचं एक पान मायला विचारून आणून तिथं चिकटवलं.

हिवाळ्यात निबंध छापून आला. नावाखाली कॉलेज नाही. "निवृत्त अध्यापक, यवतमाळ," एवढंच. जातीच्या नावात "उपाशी" हा शब्द मी जसाच्या तसा ठेवला. सर आधी कुरकुरले, मग म्हणाले, राहू द्या, याहून नेमकं काय सुचणार. शेवटच्या आभारांत मायचं नाव आधार कार्डावर आहे तसं पूर्ण घातलं.

छापील पानं घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने पुन्हा उजेडात नेऊन बोट फिरवलं. पानाच्या चित्रावर बोट बराच वेळ राहिलं. "आता झालं," म्हणाली. मग कंदापाशी आली. "पण हा अर्धाच काहून काढला?"

"अर्धाच आहे माय माझ्याजवळ. बाकीचा तुमच्याजवळ आहे."

"हो, हे बी खरंच," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

या एप्रिलमध्ये, दुपारी सव्वाचारला, मायचा फोन आला. ती फोनवर ओरडून बोलते, कान दूर धरावा लागतो.

"बाई! आपला अर्धा फुलला!"

मी ताडकन उठले, पायात चप्पल घातली आणि मग घड्याळाकडे पाहिलं. तिथं पोचायला मला चार तास लागणार. दिवस बुडताच फूल मिटणार. चप्पल पायात तशीच ठेवून मी खणातून छापील वर्णन काढलं.

"माय, त्याच्याजवळच बसा. मी वाचतो, तुमी पाहा."

मग मी एकेक ओळ आमच्या बोलीत सांगत गेले. काडी वीतभर? "आहे." फूल वर तोंड केलेलं? "आहे." पाकळ्या सहा? ती मोठ्याने मोजायला लागली, एक, दोन, पाचवर चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. "सहा." मधोमध लाल रेघ? "आहे, साऱ्याइवर आहे." वास काकडीचा?

इथं जरा वेळ गेला. ती वाकून वास घेत असणार.

"काकडीचा नाही वो. वाळकाचा."

"माय, वाळूक न् काकडी एकच."

"एक कसं असन? वाळूक तुमी खाल्लं नाही काय?"

खाल्लं होतं. बाभुळगावला, माहेरी, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून, पोटभर. आणि ती म्हणत होती ते बरोबर होतं. मी पेन घेतलं, छापील "काकडी" खोडली आणि वर "वाळूक" लिहिलं.

"झालं काय?" तिने विचारलं.

"एक राहिलं. फुलाच्या वेळी पान नाही."

"नाही," ती म्हणाली. "उपाशी आहे."

मग दोघी फोन कानाला लावून बसलो. ते फूल मिटेपर्यंत ती मला सांगत राहिली.